उभी गाडी जास्त खाते

गेल्या अंकात जुन्या गाड्यांच्या जाहिराती छापल्या तेव्हा मला वाटलं होतं लोक आठवणी पाठवतील. त्या आल्याच, पण त्याहून जास्त आले ते खर्चाचे प्रश्न, आणि बरंच झालं, कारण घरात जुनी गाडी असली की आठवणी काढणारे शंभर जण भेटतात पण बिल किती येईल ते नीट सांगणारं कुणी भेटत नाही. मी स्वतः १९८१ ची पद्मिनी गेली एकवीस वर्षं ठाण्यात चालवतेय, आधी बाबा चालवायचे मग मी, आणि प्रत्येक खर्च एका वहीत लिहितेय. खालची उत्तरं बरीचशी त्या वहीतून आलेली आहेत. सगळ्यांची पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई नमस्कार. वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आमच्या बिल्डिंगखाली चार वर्षं उभी आहे, ते गेल्यापासून कुणी हात लावला नाही. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, तीन महिन्यांत गाडी हलवायची आहे. मुलगा म्हणतो भंगारात द्या, बायको म्हणते ठेवूया. एका गॅरेजवाल्याने नुसतं बघून अडीच लाख सांगितले. एवढे खरंच लागतात का? आणि नंतर दर वर्षाला किती? (नौपाडा, ठाणे)

सगळ्यात आधी, कृपा करून कुणालाही सेल्फ मारू देऊ नका. नवीन बॅटरी जोडून "बघूया तरी चालू होते का" हा मोह प्रत्येकाला होतो आणि चार वर्षांत जे बिघडलं नाही ते तिथे अर्ध्या मिनिटात बिघडतं. इतके दिवस उभ्या गाडीत सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरून गेलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा कोरड्या असतात, कधी गंजाने चिकटलेल्या असतात, टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो, आणि सेल्फ मारला की तो डिंक पंपातून थेट कार्बोरेटरमध्ये जातो आणि रिंगा कोरड्याच त्या भिंतीवर घासतात. त्याऐवजी प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या, मग वरच्या गिअरला टाकून दोघांनी गाडी हळूच पुढेमागे ढकला. इंजिन फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. मग टाकी रिकामी करून धुवायची, ऑइल आणि फिल्टर बदलायचं, रेडिएटरमधलं पाणी काढायचं, पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाईप नवीन घालायचे आणि ब्रेक चारही चाकांना उघडायचे, आणि हे सगळं झाल्यावर सेल्फ. गाडी नुसती ढकलून बघताना चाक फिरलंच नाही तर घाबरू नका, व्हील सिलिंडर गंजून ब्रेक धरलेले असतात, पण अशी गाडी दोरी बांधून ओढू नका, सपाट प्लॅटफॉर्मच्या टोइंगवरच चढवा.

आता अडीच लाख. आकडा ऐकून घाबरू पण नका आणि हो पण म्हणू नका, त्याला तीन भागात लिहून मागा: मशीनचं काम किती, पत्र्याचं किती, रंगाचं किती. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे, त्याचं काम येणारा मिस्त्री मिळाला तर ते परवडतं. पैसा खातो तो पत्रा. एक काम तुम्हीच करा. मोठा स्क्रू-ड्रायव्हर घ्या, उलटा धरा आणि मुठीच्या बाजूने गाडी खालून ठोकत चला. दाराखालची पट्टी, पुढच्या मॅटखालचा फ्लोअर, बॅटरीची ट्रे, डिकीत स्टेपनीच्या खालचा खळगा. "टण" आवाज आला तर पत्रा जिवंत आहे, "थप" आला तर आत पुट्टी किंवा गंज आहे, रंग वरून कितीही चकाकत असू दे. माझ्या गाडीला २०१९ मध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली असाच "थप" आला, मॅट उचलली तर तळहाताएवढं भोक आणि त्यातून खाली पार्किंगची फरशी दिसत होती. वर्षभर मी त्या मॅटवर पाय ठेवून गाडी चालवत होते. तो पत्रा कापून नवीन वेल्ड करायला लागलेला खर्च आणि त्याच वर्षी ब्रेक पूर्ण नवीन करायला लागलेला खर्च वहीत शेजारी शेजारी आहे, पत्रा ब्रेकच्या तिप्पट आहे.

म्हणजे फ्लोअर शाबूत असेल तर तुमची गाडी माझ्या अंदाजाने साठ-सत्तर हजारांत रस्त्यावर येईल, रंग न करता. रंग मुळीच घाईने करू नका. आधी गाडी सहा महिने चालवा, खालची गळती, आवाज सगळं बाहेर येऊ द्या, रंग शेवटी. उलट क्रमाने करणारे खूप बघितलेत, लाखभर रंगात घालतात आणि मग ब्रेकला पैसे उरत नाहीत.

दर वर्षाचं म्हणाल तर माझ्या वहीत गेल्या पाच वर्षांची सरासरी पेट्रोल सोडून तीस हजारांच्या आसपास येते. त्यात थर्ड पार्टी इन्शुरन्स (१००० ते १५०० सीसीला २०२२ च्या दराने ३,४१६ रुपये, वर जीएसटी), पीयूसी, वर्षाला दोनदा ऑइल, पॉइंट-कंडेन्सर (प्लगच्या ठिणगीचे पार्ट), ग्रीसिंग, आणि एक काहीतरी न ठरवलेलं, ते दर वर्षी येतंच, एकदा डायनामो, एकदा क्लच प्लेट, एकदा रेडिएटर. टायर वेगळे धरा. ५.२०-१४ साइज आता सहज मिळत नाही, मिळाला तर टायरच्या कडेला चार आकडी नंबर बघा, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दुकानात सात वर्षं पडून असलेला "नवा" टायर नवा नसतो. पेट्रोल शहरात लिटरला दहा-अकराच्या वर धरू नका.

कागद विसरू नका. १९७८ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी पासिंग, तुमच्या हिशोबाने २०२३ ला नूतनीकरण व्हायला हवं होतं. ते राहिलं असेल तर उशिराबद्दल चारचाकीला महिन्याला ५०० रुपये लागतात, आणि वीस वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झालीये, पर्यावरण कर वेगळा. गाडी वडिलांच्या नावावर आहे, तर फॉर्म ३१ भरून आधी वारसाच्या नावावर करायला लागेल. हे आधी करा, मग गॅरेज. कागद नसलेल्या गाडीवर एक रुपया घालू नका.

आणि ठेवायची की नाही, ते तुम्ही विचारलं नाहीत पण त्यासाठीच लिहिलंय हे कळतंय. घरात दर रविवारी ती बाहेर काढणारं कुणी आहे का, एवढंच बघा. उपवनपर्यंत जाऊन आली तरी पुरे. चालत्या गाडीत ऑइल फिरतं, सील ओले राहतात, ब्रेक हलते राहतात, बॅटरी भरते. उभी ठेवली की सील वाळतात, टाकीत दमट हवेचं पाणी साचतं, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरिंग खातात, आणि हे सगळं एकही किलोमीटर न चालता होतं. रविवारी काढणारं कुणी नसेल तर वडिलांची गाडी म्हणून खाली कुजत ठेवू नका, चालवेल अशा माणसाला द्या. भंगारात मात्र नको. २००० च्या आसपास पद्मिनी बनायची थांबली आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झालेली, वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ मध्ये ती पण रस्त्यावरून गेली. टॅक्स्या होत्या तोवर प्रत्येक नाक्यावर पद्मिनीचा मिस्त्री होता आणि पार्ट किराणा मालासारखा मिळायचा. आता एकेक गाडी भंगारात गेली की कुणाच्यातरी गाडीचं दार, काच, हेड त्याबरोबर जातं.

प्रश्न: सोसायटीच्या पोडियमखाली गाडी असते, कव्हर घालावं का? (कोलशेत, ठाणे)

प्लास्टिकचं किंवा रेक्झिनचं मुळीच नको, आत वाफ धरते आणि पत्रा आतून घामेजतो. सुती, हवा जाणारं घाला. पोडियममध्ये दुसराच त्रास असतो, वरच्या स्लॅबमधून ठिबकणारं पाणी चुना घेऊन येतं आणि बॉनेटवर पांढरे ठिपके पडतात, ते वाळले की रंगात उतरतात. दिसला की लगेच पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओल्या कापडाने हलक्या हाताने काढा, सुकं घासू नका. आणि जागा बदलून मागा.

प्रश्न: ताई, गेल्या अंकातल्या जाहिराती बघून फार छान वाटलं, ती मोठी गाडी, पिकनिकला निघालेलं कुटुंब. मला अॅम्बेसेडर घ्यायचीये. त्या काळच्या जाहिराती खऱ्या असायच्या का, की आत्तासारख्याच? (नेरुळ, नवी मुंबई)

तुमचा प्रश्न मला फार आवडला कारण मी पण लहानपणी त्या चित्रातल्या गाडीत बसायचं स्वप्न बघायचे.

आधी चित्राबद्दल. बऱ्याच जुन्या जाहिरातींत गाडीचा फोटो नाही, चित्र असायचं, आणि चित्रकार गाडी लांब आणि रुंद काढायचा, माणसं बारीक. अमेरिकेत पाँटिॲकची चित्रं १९५९ ते १९७१ आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन ही जोडी काढायची, फिट्झपॅट्रिक गाडी काढायचा आणि कॉफमन माणसं आणि मागचं दृश्य, आणि त्या गाड्या कागदावर खऱ्यापेक्षा सरळसरळ पसरट दिसतात. पाँटिॲक विकायचीच त्या रुंदीवर, त्यामुळे चित्र पण तसंच. तेव्हा कुणी टेप घेऊन मोजायला जात नव्हतं.

पण सगळ्यांनीच असं केलं नाही, आणि ज्यांनी सरळ बोलायचं धाडस केलं त्यांच्याच जाहिराती आज लोकांच्या लक्षात आहेत. पॅकार्ड म्हणून महागडी अमेरिकन गाडी होती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिचं घोषवाक्य एवढंच होतं की ज्याच्याकडे ही गाडी आहे त्याला विचारा. बस्स. १९५८ मध्ये रोल्स-रॉइससाठी डेव्हिड ओगिल्वीने लिहिलेली जाहिरात म्हणाली की ताशी साठ मैलांना या गाडीतला सगळ्यात मोठा आवाज तिच्या इलेक्ट्रिक घड्याळाचा, आणि खाली एकेक मुद्दा क्रमाने, माहितीच माहिती. आणि १९५९ ची फोक्सवॅगन बीटलची जाहिरात तर मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. पूर्ण पान पांढरं मोकळं, कोपऱ्यात एवढीशी गाडी, आणि मजकुरात सौंदर्य नाही, कुटुंब नाही, फक्त हिशोब: गॅलनला बत्तीस मैल, ऑइल पाच क्वार्टऐवजी पाच पाइंट म्हणजे निम्मं, रेडिएटरच नाही म्हणून अँटिफ्रीझ लागत नाही, टायरचा एक सेट चाळीस हजार मैल, पार्किंगला छोटी जागा, छोटा इन्शुरन्स, छोटं रिपेअर बिल. गाडी सांभाळायला काय पडतं हीच ती जाहिरात होती, आणि मला जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवावीशी वाटते.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. १९६०-७० च्या दशकात इथे गाडी विकायला जाहिरातीची गरजच नव्हती. गाड्या मोजून तीन, अॅम्बेसेडर, फियाट (तीच पुढे पद्मिनी झाली) आणि मद्रासहून येणारी स्टँडर्ड, आणि पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट. ज्याचा नंबर लागला तो तीच गाडी वरती पैसे घेऊन विकू शकायचा. आमच्याकडे बाबांनी बुकिंगची पावती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली होती आणि आई दर दिवाळीत साफसफाई करताना ती पुसून परत ठेवायची. त्यामुळे तेव्हाच्या जाहिराती गाडी घ्या असं सांगत नव्हत्या, कंपनी किती मोठी आहे, देश कसा घडतोय हे सांगत होत्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना होता, कुर्ल्याचा प्रीमियर रोड त्याच नावाचा, आणि ठाण्या-कल्याणकडच्या किती घरांचा पगार तिथून यायचा. त्या अभिमानाला मी खोटं म्हणणार नाही. पण त्यात ॲव्हरेज किती, पार्ट कितीला हे शोधू नका, ते नसायचं.

ते आलं मारुतीनंतर. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची चावी इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली, ७९६ सीसी, साधारण साडेसत्तेचाळीस हजार किंमत, आणि हळूहळू लोक गाडीबद्दल वेगळं विचारायला लागले. पुढे "कितना देती है" ही मारुतीचीच जाहिरात झाली, आपल्या तोंडचा प्रश्न त्यांनी उचलला.

आता तुमची अॅम्बेसेडर. २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचा कारखाना थांबला, म्हणजे अगदी शेवटची पण दहा वर्षांच्या पुढे गेली. जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि नंतरचं १८०० ची इसुझू यातलं कुठलं आहे ते पहिलं विचारा, कारण इसुझू चालायला कितीतरी मोकळं आहे पण १५०० सीसीच्या वर गेल्याने थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ च्या दराने ७,८९७ होतो, जुन्या इंजिनच्या दुपटीहून जास्त. पुढच्या सस्पेन्शनला ग्रीस वेळेवर लागतंच, ते टाळलं की स्टिअरिंग जड होतं आणि मग पिनाच खराब होतात. नवी मुंबईची गाडी असेल तर खाडीची हवा खाल्लेली असणार, पत्रा वर सांगितलाय तसा ठोकून बघा. आणि पॅकार्डवाल्यांनी सांगितलं तेच करा, ज्याच्याकडे अॅम्बेसेडर आहे त्याला विचारा, विकणाऱ्याला नाही, जो विकत नाहीये त्याला. पामबीचला रविवारी सकाळी एकदोन दिसतातच, थांबवून विचारा, ते आनंदाने अर्धा तास बोलतील.

प्रश्न: मावशी, मी २२ वर्षांचा, ऐरोलीला राहतो. आजोबांची १९९१ ची मारुती ८०० मी चालवतो. हल्ली पुलावर ट्रॅफिकमध्ये गाडी मिसिंग करते आणि पेट्रोलचा वास येतो. सगळे म्हणतात ई-२० मुळे. खरं का? (ऐरोली, नवी मुंबई)

वास येतोय तर हे वाचून झालं की गाडी चालवू नकोस, आधी बघ. इंजिन थंड असताना बॉनेट उघड आणि टाकीकडून पंपाकडे आणि पंपाकडून कार्बोरेटरकडे येणारा काळा रबरी पाईप दोन बोटात दाब. चांगला पाईप दाबला की लगेच जागेवर येतो. खराब झालेला फुगलेला लागतो, बोटाला काळं चिकटतं, वाकवला की बारीक भेगा उघडतात आणि क्लिपपाशी ओलसर असतो. मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीचा मी असा दाबला तर तो बोटात भिजलेल्या पावासारखा दबला आणि तसाच राहिला, आणि तो पाईप एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर होता. त्या रात्री झोप लागली नाही.

हो, इथेनॉलचा संबंध आहे, ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. तुझ्या आजोबांनी गाडी घेतली तेव्हाचं रबर नुसत्या पेट्रोलसाठी बनवलेलं, इथेनॉलने ते फुगतं आणि मग ठिसूळ होतं. पाईप बदलताना दुकानात फक्त पेट्रोल पाईप मागू नकोस, इथेनॉल चालणारा, व्हिटॉनचा माग, जरा महाग पडेल पण सगळाच्या सगळा बदल, टाकीपाशीचा तुकडा पण, तो सगळे विसरतात. कार्बोरेटरच्या आतला पंपाचा पडदा आणि फ्लोटच्या सुईचं टोक पण तसंच बदलून घे.

मिसिंग होतंय त्याचं कारण वेगळं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ पडतं, गाडी गरम झाली की अडखळते. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो, तुझा कार्बोरेटर नाही सांभाळत, त्याचं मिश्रण मिस्त्रीकडून हाताने थोडं घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त, करून घ्यावं लागतं. ॲव्हरेज पण थोडं पडेल. नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या चारचाकीला ई-२० ने ६ ते ७ टक्के घट धरली आहे, म्हणजे पंधरा देणारी चौदा देईल. त्याहून खूप जास्त पडलं तर दोष पेट्रोलला देऊ नकोस, ब्रेक धरतायत का, प्लग कसे आहेत ते बघ.

आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून महिनाभर गाडी उभी केली तर वरच्या रिकाम्या जागेतला दमटपणा आत उतरतो, एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं आणि टाकी तिथून गंजते. म्हणून थोडं भर, पटकन संपव. पारदर्शक फिल्टर लाव म्हणजे आत तपकिरी गाळ आला की दिसेल. आणि एक किलोचा फायर एक्स्टिंग्विशर सीटखाली, आजच.

आजोबांना माझा नमस्कार सांग.

प्रश्न: आमची १९७३ ची गाडी आहे, आरसीवर 'प्रेसिडेंट' लिहिलंय. पन्नास वर्षं झाली म्हणून एजंट म्हणतो व्हिंटेज नंबर घ्या, सगळ्या कटकटी संपतील. घ्यावा का? (वाशी, नवी मुंबई)

तुमच्या आरसीवर प्रेसिडेंट आहे कारण फियाट ११०० चंच नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि मग १९७४ च्या सुमारास पद्मिनी, त्यामुळे त्या नावाची गाडी थोडाच काळ बनली, जपा.

व्हिंटेजचा नियम जुलै २०२१ चा आहे. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं पूर्ण, खाजगी वापराची, आणि चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला नसावा. नवीन रजिस्ट्रेशनला २०,००० फी, नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं, दहा वर्षांची मुदत, नंतर नूतनीकरणाला ५,०००. ज्यांची गाडी आधीच रजिस्टर आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो, तेव्हा तुमचा तीन अक्षरी नंबर जाईल ही भीती नको. थर्ड पार्टी प्रीमियमला व्हिंटेज रजिस्टर्ड कारला ५० टक्के सवलत पण आहे.

पण एजंटने एक गोष्ट सांगितली नाही. व्हिंटेज म्हणून घेतलेली गाडी रोज वापरायला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, अभ्यास, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. तुम्ही पत्रात लिहिलंय की दर शनिवारी बायकोला घेऊन बेलापूरला देवळात जाता. ते बंद होईल. माझं स्पष्ट मत, घेऊ नका, साध्या पासिंगवरच ठेवा, दहा हजार फी जास्त वाटेल पण देवळात जाता येईल आणि गाडी चालती राहील. इंजिन कधी बदललं असेल, डिझेल बसवलं असेल, तर तसंही ती व्हिंटेजमध्ये बसणं अवघड. आणि दिल्लीचे पंधरा वर्षांचे नियम सांगून कुणी घाबरवत असेल तर ते नियम ठाण्या-मुंबईला लागू नाहीत.

प्रश्न: वडिलांच्या ट्रंकेत जुन्या मासिकांतून कापलेल्या गाड्यांच्या शंभरेक जाहिराती सापडल्या आणि एक तामचिनी पाटी. लॅमिनेट करून घेऊ का? (घंटाळी, ठाणे)

लॅमिनेट अजिबात नको. ते एकदा केलं की परत निघत नाही आणि आत कागद पिवळा होत राहतो, कारण पिवळेपणा बाहेरून येत नाही, स्वस्त कागदातल्या लाकडाच्या लगद्यातच तो असतो. सेलोटेप पण नको, दहा वर्षांनी तिचा तपकिरी डाग कायमचा राहतो. ॲसिड नसलेल्या कागदाच्या घड्यात एकेक ठेवा, सपाट, कपाटाच्या मधल्या खणात, बाहेरच्या भिंतीला लागून नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि कसर लागते का ते महिन्याला बघा. आधी सगळं स्कॅन करून घ्या आणि मागची बाजू पण स्कॅन करा, मागे तारीख, दुसऱ्या जाहिराती, बाजारभाव असतात, त्यावरून साल कळतं.

पाटी खरी असेल तर तामचिनीचे थर वेगवेगळे, रंगाच्या कडेला नखाला किंचित चढ लागेल, आणि स्क्रूच्या भोकाभोवती टवके उडून तिथे जुना गंज असेल. सगळीकडे सारखा गंज आणि भोकं स्वच्छ, तर मुद्दाम जुनी केलेली. विकू नका एवढ्यात. तुमच्या वडिलांनी प्रत्येक कात्रणाच्या कडेला पेन्सिलीने गाडीची त्या वर्षीची किंमत लिहून ठेवलीये असं तुम्ही लिहिलंत, ते आकडे मला बघायचेत, शक्य झालं तर स्कॅन पाठवा.

प्रश्न: १९९६ ची पद्मिनी पीयूसीत नापास झाली, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४ टक्क्यांच्या वर. इंजिन करायला सांगतायत. (कळवा, ठाणे)

इंजिनला हात लावू नका. २००० च्या आधीच्या पेट्रोल कारला सीओची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम आहे, ४ म्हणजे मिश्रण घट्ट झालंय एवढंच. एअर फिल्टर बदला, चोक पूर्ण आत जातो का बघा (केबल अडकते आणि चोक अर्धा ओढलेला राहतो, हे फार होतं), पॉइंटचं अंतर लावून घ्या, मग आयडलिंगचा मिश्रणाचा स्क्रू. धूर निळा येत असेल आणि ऑइल कमी होत असेल तरच रिंगांचा विचार. आणि तपासणीला थंड गाडी नेऊ नका, खारेगावपर्यंत एक फेरी मारा, इंजिन नीट तापू द्या आणि तसंच पीयूसीवाल्याकडे न्या.